गर्भवतींमधील रक्तक्षय : गोळ्यांच्या वाटपापलीकडचा प्रश्न

गर्भवती स्त्रियांना लोह आणि फॉलिक आम्लाच्या गोळ्या मोफत देण्याचा कार्यक्रम भारताने १९७० मध्ये, चौथ्या पंचवार्षिक योजनेच्या काळात सुरू केला. विकसनशील जगातील अशा स्वरूपाच्या सुरुवातीच्या कार्यक्रमांमध्ये राष्ट्रीय पोषणजन्य रक्तक्षय प्रतिबंधक कार्यक्रमाची गणना होते. त्यानंतरच्या पाच दशकांत देशातील मातृआरोग्याचे चित्र मोठ्या प्रमाणावर पालटले. नमुना नोंदणी पद्धतीनुसार २००१-०३ या काळात दर एक लाख जिवंत जन्मांमागे ३०१ असलेले मातामृत्यूचे प्रमाण २०१८-२० मध्ये ९७ पर्यंत खाली आले. घरी होणारी बाळंतपणे बहुतांशी रुग्णालयात होऊ लागली. मात्र या सर्व प्रगतीत एक आकडा जवळजवळ जागचा हललेला नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या दुसऱ्या फेरीत, म्हणजे १९९८-९९ मध्ये, सुमारे ५० टक्के गर्भवतींमध्ये रक्तक्षय आढळला होता. तिसऱ्या फेरीत (२००५-०६) हे प्रमाण सुमारे ५८ टक्के, चौथ्या फेरीत (२०१५-१६) सुमारे ५० टक्के आणि पाचव्या फेरीत (२०१९-२१) ५२.२ टक्के होते.

याच काळात गोळ्यांचे वाटप आणि सेवन दोन्ही वाढले, ही गोष्ट अधिक विचार करावयास लावणारी आहे. किमान शंभर दिवस गोळ्या घेतल्याचे सांगणाऱ्या मातांचे प्रमाण २००५-०६ मध्ये सुमारे १५ टक्के होते. ते २०१५-१६ मध्ये ३०.३ टक्के आणि २०१९-२१ मध्ये ४४.१ टक्के झाले. केरळचे उदाहरण तर याहून बोलके आहे. चौथ्या आणि पाचव्या सर्वेक्षणांच्या दरम्यान त्या राज्यात शंभर दिवस गोळ्या घेणाऱ्या मातांचे प्रमाण सुमारे ६७ टक्क्यांवरून ८० टक्क्यांवर गेले. रक्तक्षय असलेल्या गर्भवतींचे प्रमाणही २२.६ टक्क्यांवरून ३१.४ टक्क्यांवर गेले. यावरून गोळी निरुपयोगी आहे असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. गोळी परिणामकारक आहे, याबद्दल वैद्यकशास्त्रात दुमत नाही. प्रश्न आहे तो गोळी हातात पडण्यापासून लोह रक्तात उतरेपर्यंतच्या अंतराचा, आणि स्त्री गर्भवती होते त्या वेळी तिच्या शरीरात मुळात किती लोह शिल्लक असते याचा.

लोहाचा जमाखर्च

अर्थशास्त्रात साठा आणि प्रवाह या दोन संकल्पनांमध्ये काटेकोर भेद केला जातो. रक्तक्षयाचा प्रश्न समजून घेण्यासाठी हा भेद फार उपयोगी पडतो. शरीरातील लोहाचा राखीव साठा प्रामुख्याने यकृत, अस्थिमज्जा आणि प्लीहा यांत असतो. रोजच्या आहारातून त्यात थोडी भर पडते, तर मासिक पाळी आणि पेशींची नित्य झीज यांमुळे त्यातून थोडी घट होते. गर्भारपणाच्या संपूर्ण काळात स्त्रीला साधारणपणे १,००० मिलिग्रॅम लोह लागते. त्यापैकी सुमारे ३०० मिलिग्रॅम गर्भ आणि वार यांच्याकडे जाते, ४५० ते ५०० मिलिग्रॅम आईच्या वाढलेल्या तांबड्या पेशींसाठी लागते आणि उरलेले नित्य झिजेत जाते. या महिन्यांत मासिक पाळी बंद असल्याने होणारी बचत एवढ्या मोठ्या गरजेपुढे अपुरी पडते.

आता जमेची बाजू पाहावी. समजा, एखाद्या स्त्रीच्या रोजच्या जेवणात १५ मिलिग्रॅम लोह आहे. भात, पोळी, डाळ आणि भाजी अशा शाकाहारप्रधान जेवणातील लोहाचा अगदी लहान अंश आतड्यांत शोषला जातो. तो आठ टक्के धरला तरी दिवसाला १.२ मिलिग्रॅम, म्हणजे २८० दिवसांत सुमारे ३३६ मिलिग्रॅम लोह मिळते. गर्भारपणाच्या उत्तरार्धात शोषणाची क्षमता वाढते हे खरे. पण त्याच काळात रोजची गरज सहा मिलिग्रॅमच्या आसपास पोहोचलेली असते. सुपोषित स्त्रीजवळ सुमारे ३०० मिलिग्रॅमचा राखीव साठा असतो. तो जमेस धरला तरीही तूट राहतेच, आणि ज्या स्त्रीजवळ साठाच नाही तिची तूट हजारातील सहाशेच्या पुढे जाते. ही तूट केवळ आहार सुधारून नऊ महिन्यांत भरून काढणे जवळजवळ अशक्य असते. म्हणूनच गोळीची आवश्यकता निर्माण होते. साठ मिलिग्रॅम लोहाच्या गोळीतील दहा टक्के लोह शोषले गेले, तर १८० दिवसांत १,०८० मिलिग्रॅम लोह मिळते. कागदावर हिशेब व्यवस्थित जुळतो.

येथे एक बाब लक्षात घेतली पाहिजे. गर्भारपणात रक्तातील द्रवभाग सुमारे ४५ ते ५० टक्क्यांनी वाढतो. तांबड्या पेशी मात्र त्या प्रमाणात वाढत नाहीत. त्यामुळे निरोगी स्त्रीचे हिमोग्लोबिनही मधल्या महिन्यांत काहीसे खाली येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार गर्भवतीचे हिमोग्लोबिन ११ ग्रॅम प्रति डेसीलिटरपेक्षा कमी असल्यास रक्तक्षय मानला जातो. २०२४ मधील सुधारित मार्गदर्शक सूचनांत मात्र दुसऱ्या तिमाहीसाठी ही मर्यादा १०.५ ग्रॅम अशी ठेवण्यात आली आहे. १० ते १०.९ ग्रॅम सौम्य, ७ ते ९.९ ग्रॅम मध्यम आणि ७ ग्रॅमपेक्षा कमी असल्यास तीव्र रक्तक्षय, ही आपल्याकडील कार्यक्रमात रुळलेली वर्गवारी आहे. तीव्र रक्तक्षय असलेल्या गर्भवतींचे प्रमाण तुलनेने अल्प असले, तरी बाळंतपणातील मृत्यूचा सर्वाधिक धोका त्यांनाच असतो. भारतातील मातामृत्यूंच्या कारणांत रक्तस्राव अग्रभागी राहिला आहे. २००१-०३ च्या नमुना नोंदणी अहवालानुसार ३८ टक्के मातामृत्यू त्यामुळे झाले होते. सशक्त स्त्री जेवढा रक्तस्राव सहन करू शकते, तेवढाच सहा ग्रॅम हिमोग्लोबिन असलेल्या स्त्रीच्या जिवावर बेतू शकतो.

मुंबईच्या गिरणगावातील एक शोध

लोहाच्या गोळीत फॉलिक आम्ल का असते, या प्रश्नाचे उत्तर मुंबईच्या इतिहासात सापडते. ब्रिटिश संशोधक लूसी विल्स या १९२८ मध्ये मुंबईत आल्या आणि कापड गिरण्यांत काम करणाऱ्या गरीब गर्भवती स्त्रियांमधील एका जीवघेण्या रक्तक्षयाचा त्यांनी अभ्यास केला. या स्त्रियांच्या रक्तातील तांबड्या पेशी आकाराने नेहमीपेक्षा मोठ्या होत्या. म्हणजे हा केवळ लोहाच्या अभावाचा प्रकार नव्हता. यीस्टपासून तयार होणारे मार्माइट हे स्वस्त खाद्य दिल्यावर त्या बऱ्या होतात, असे विल्स यांनी दाखवून दिले. त्यांचा हा निबंध १९३१ मध्ये प्रसिद्ध झाला. मार्माइटमधील त्या अज्ञात घटकास पुढे काही काळ ‘विल्स घटक’ असेच म्हटले जाई. १९४१ मध्ये पालकाच्या पानांतून वेगळ्या केलेल्या पदार्थाला पान या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून फॉलिक आम्ल असे नाव मिळाले. गोळीतील ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्लामागे अशी मुंबईतील श्रमिक स्त्रियांची कहाणी आहे. रक्तक्षय आणि लोहाची कमतरता हे समानार्थी शब्द नाहीत, हा तिचा व्यावहारिक अर्थ.

हा भेद आजही तितकाच महत्त्वाचा आहे. ब-१२ जीवनसत्त्वाचा अभाव, अंकुशकृमींचा प्रादुर्भाव, हिवताप, तसेच सिकलसेल आणि थॅलेसेमिया यांसारखे आनुवंशिक विकार हीदेखील रक्तक्षयाची कारणे आहेत. अंकुशकृमी आतड्यातून रक्त शोषतात. त्यामुळे दुसऱ्या तिमाहीत जंतनाशक अल्बेंडॅझोलची ४०० मिलिग्रॅमची एक मात्रा देण्याची तरतूद आहे. गडचिरोली किंवा नंदुरबारसारख्या आदिवासीबहुल जिल्ह्यांत, त्याचप्रमाणे मध्य प्रदेश, छत्तीसगड आणि ओडिशाच्या आदिवासी पट्ट्यांत, केवळ हिमोग्लोबिन पाहून लोहाची मात्रा वाढवत नेणे योग्य ठरत नाही. तेथे सिकलसेलची तपासणीही करावी लागते. राष्ट्रीय सिकलसेल रक्तक्षय निर्मूलन अभियानाचा प्रारंभ १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून झाला. त्याचा आणि मातृआरोग्याचा संबंध या दृष्टीने ध्यानात ठेवावा.

धोरणाचा प्रवास

१९७० च्या कार्यक्रमात ६० मिलिग्रॅम लोहाची गोळी होती. १९९१ मध्ये कार्यक्रमाच्या नावातील ‘प्रतिबंध’ जाऊन तेथे ‘नियंत्रण’ हा शब्द आला आणि लोहाची मात्रा १०० मिलिग्रॅम करण्यात आली. पुढे हा कार्यक्रम १९९२ च्या बालजीवित्व व सुरक्षित मातृत्व कार्यक्रमात आणि १९९७ पासून प्रजनन व बालआरोग्य कार्यक्रमात समाविष्ट झाला. २०१३ च्या राष्ट्रीय ‘आयर्न प्लस’ उपक्रमाने गर्भवतींबरोबर बालके, किशोरवयीन मुले-मुली आणि प्रजननक्षम वयातील स्त्रिया यांनाही कक्षेत घेतले. २०१८ च्या ‘ॲनिमिया मुक्त भारत’ धोरणात लोहाची मात्रा पुन्हा ६० मिलिग्रॅमवर आणण्यात आली. गर्भारपणाच्या चौथ्या महिन्यापासून किमान १८० दिवस आणि प्रसूतीनंतर आणखी १८० दिवस रोज एक गोळी, असे सूत्र त्यात आहे. सहा लाभार्थी गट, सहा उपाय आणि सहा संस्थात्मक यंत्रणा, म्हणून या धोरणाला ६×६×६ असे संबोधले जाते. रक्तक्षयाचे प्रमाण दरवर्षी तीन टक्केबिंदूंनी कमी करण्याचे उद्दिष्ट त्यात निश्चित करण्यात आले होते.

साठावरून शंभर आणि शंभरावरून पुन्हा साठ हा प्रवास निरर्थक म्हणता येणार नाही. मात्रा वाढविल्याने शोषण त्या प्रमाणात वाढत नाही. मळमळ, पोटदुखी आणि बद्धकोष्ठता मात्र वाढते, असा अनुभव आला. एका वेळी अधिक लोह घेतल्यास शरीर हेप्सिडिन या संप्रेरकाद्वारे पुढील काही तास लोहाचे शोषण आवरते घेते, हे अलीकडील संशोधनातून स्पष्ट झाले आहे. तरीदेखील मात्रेवर जेवढी चर्चा झाली, तिच्या निम्मीही चर्चा गोळी प्रत्यक्षात पोटात जाते किंवा नाही यावर झाली नाही.

हातापासून तोंडापर्यंत

गोळ्यांच्या १८० दिवसांचे गणित कालगणनेवरच अडते. गर्भारपणाचे २८० दिवस धरले आणि पहिले तीन महिने वगळले, तर उरतात सुमारे १९० दिवस. म्हणजे चौथ्या महिन्याच्या आरंभी गोळ्या सुरू झाल्या आणि जवळजवळ एकही दिवस चुकला नाही, तरच १८० हा आकडा गाठता येतो. पाचव्या सर्वेक्षणानुसार पहिल्या तिमाहीत तपासणी झालेल्या माता ७० टक्के होत्या. उर्वरित ३० टक्के मातांपैकी बहुतेकींना हा आकडा गाठणे कालावधीच्या हिशेबानेच कठीण होते. प्रत्यक्षात १८० दिवस गोळ्या घेतलेल्या माता केवळ २६ टक्के होत्या. चौथ्या सर्वेक्षणातील १४.४ टक्क्यांच्या तुलनेत ही वाढ लक्षणीय असली, तरी चारपैकी तीन माता पूर्ण मात्रेपासून दूर राहिल्या. शिवाय हे आकडे मातांच्या सांगण्यावर आधारलेले आहेत. गोळी मिळाली, घरी नेली आणि फडताळात राहिली, अशा वेळीही ‘घेतली’ असेच उत्तर येऊ शकते.

गोळी टाळण्यामागील कारणे आरोग्य कर्मचाऱ्यांना परिचित आहेत. गोळीने शौचाचा रंग काळा होतो आणि त्याची पूर्वकल्पना न दिल्यास स्त्री घाबरते. सुरुवातीच्या महिन्यांत मळमळ आधीच असते, त्यात भर पडते. देशाच्या अनेक भागांत गोळीमुळे मूल काळे होते किंवा गर्भ फार मोठा होऊन बाळंतपण अवघड जाते, अशी समजूत आढळते. ज्या घरात दवाखाना दूर आणि शस्त्रक्रियेचा खर्च आवाक्याबाहेर असतो, तेथे मोठ्या बाळाची भीती ही निव्वळ अडाणीपणाची मानता येत नाही. तिला तिचे स्वतःचे तर्कशास्त्र आहे. अशा भीतीचे निरसन दोन मिनिटांच्या वाटपात होत नाही. रात्री झोपण्यापूर्वी गोळी घेतल्यास मळमळ कमी जाणवते, काळा रंग निरुपद्रवी आहे, पहिल्या काही दिवसांनंतर त्रास ओसरतो, हे सांगावयास आशा कार्यकर्तीला वेळ आणि अधिकारवाणी दोन्ही लागतात.

आणखी एक साधी अडचण आहे. गर्भवतीला लोहाच्या एका गोळीबरोबर कॅल्शियमच्या दोन गोळ्याही रोज दिल्या जातात. कॅल्शियममुळे लोहाचे शोषण कमी होते. म्हणून दोहोंमध्ये किमान दोन तासांचे अंतर ठेवावे लागते. दिवसभर शेतात राबणाऱ्या स्त्रीसाठी हे वेळापत्रक लिहिण्याइतके सोपे नसते. जेवणानंतर लगेच घेतलेला चहाही शोषणात अडथळा आणतो. लिंबू, आवळा, पेरू यांतील क जीवनसत्त्व उलट साहाय्य करते. पालकाची कीर्ती मोठी असली तरी त्यातील लोह शरीराला फारसे मिळत नाही. मांस आणि मासे यांतील लोह मात्र सहज शोषले जाते, पण ज्यांना ते परवडते आणि चालते त्यांनाच. बाजरी, नाचणी, कडधान्ये आणि अळीव यांचे स्थान आहारात असावे. परंतु मध्यम किंवा तीव्र रक्तक्षयावर केवळ आहाराने मात करता येईल, अशा सल्ल्यात मौल्यवान आठवडे वाया जाण्याचा धोका आहे.

सौम्य आणि मध्यम रक्तक्षयात रोज दोन गोळ्या आणि दरमहा हिमोग्लोबिनची तपासणी, अशी उपचारपद्धती धोरणात निश्चित केलेली आहे. महिन्याभरात हिमोग्लोबिन एक ग्रॅमनेही वाढले नाही, तर स्त्रीला वरच्या रुग्णालयात पाठविले जाते. निदान उशिरा झाले असेल किंवा गोळ्या सोसत नसतील, तर शिरेतून लोह देता येते. फेरिक कार्बोक्सीमाल्टोजसारख्या औषधांमुळे ते कमी वेळात शक्य झाले आहे. हिमोग्लोबिन पाच ग्रॅमच्या खाली गेल्यास तातडीने रुग्णालयात दाखल करून रक्त देण्याखेरीज पर्याय राहत नाही. सातव्या महिन्यात साडेआठ ग्रॅम हिमोग्लोबिन असलेल्या स्त्रीजवळ प्रसूतीपूर्वी दहा-बारा आठवडेच उरलेले असतात. त्यातील एक महिना ‘गोळ्या घेत राहा’ एवढ्या सूचनेवर गेला, तर पुढील सर्व उपाय घाईचे होतात. २०१६ पासून प्रत्येक महिन्याच्या ९ तारखेस होणारी प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी अशा स्त्रिया वेळीच हेरण्यासाठी आहे.

गर्भारपणापूर्वीची वर्षे

पाचव्या सर्वेक्षणात १५ ते १९ वयोगटातील ५९.१ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. १५ ते ४९ वयोगटातील सर्व स्त्रियांसाठी हे प्रमाण ५७ टक्के, तर पुरुषांसाठी २५ टक्के होते. महाराष्ट्रात दोन सर्वेक्षणांच्या दरम्यान गर्भवतींमधील रक्तक्षय ४९.३ वरून ४५.७ टक्क्यांवर आला, परंतु सर्व स्त्रियांमधील रक्तक्षय ४८ वरून ५४.२ टक्क्यांवर गेला. गर्भारपणात यंत्रणेचे लक्ष असते. त्याआधी आणि त्यानंतर ते तेवढे नसते, असा याचा एक अर्थ संभवतो. अर्थशास्त्रज्ञ डायन कॉफी यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार भारतातील सुमारे ४२ टक्के स्त्रिया गर्भारपणास सामोऱ्या जाताना कमी वजनाच्या असतात. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत हे प्रमाण १६.५ टक्के आहे. त्या प्रदेशाहून अधिक उत्पन्न असलेल्या देशात हे घडते, याचे कारण देशाच्या उत्पन्नापेक्षा कुटुंबातील तरुण सुनेच्या स्थानात शोधावे लागते. ती बहुधा सर्वांत शेवटी जेवते.

रिकाम्या साठ्यानिशी गर्भारपणात येणाऱ्या स्त्रीची अनेक वर्षांची तूट १८० दिवसांत भरून काढण्याची अपेक्षा गोळीकडून केली जाते. किशोरवयीन मुलींना आठवड्यातून एकदा निळी गोळी देण्याचा कार्यक्रम २०१२-१३ पासून याच विचाराने आखला गेला. तो शाळेच्या आधाराने चालतो; शाळा सुटलेल्या मुलींपर्यंत पोहोचण्याचे काम अंगणवाडीकडे आहे, आणि लवकर विवाह होण्याचा संभवही त्यांच्याच बाबतीत अधिक असतो. पाचव्या सर्वेक्षणात २०-२४ वयोगटातील २३.३ टक्के स्त्रियांचे विवाह अठराव्या वर्षापूर्वी झालेले होते. दोन बाळंतपणांत पुरेसे अंतर नसल्यास दुसऱ्या वेळी साठा भरण्यास अवधीच मिळत नाही. या दृष्टीने विवाहाचे वय आणि कुटुंबनियोजन हेही रक्तक्षय नियंत्रणाचेच उपाय ठरतात.

राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा, २०१३ अन्वये गर्भवती आणि स्तनदा मातांना अंगणवाडीमार्फत मोफत आहाराचा आणि किमान सहा हजार रुपयांच्या मातृत्व लाभाचा हक्क आहे. शिधा घरी नेल्यास तो सर्व कुटुंबात वाटला जातो, हा अनुभव लक्षात घेऊन काही राज्यांनी अंगणवाडीतच गरम जेवण देण्याचा मार्ग स्वीकारला. तेलंगणची आरोग्य लक्ष्मी, कर्नाटकची मातृपूर्णा आणि महाराष्ट्राच्या आदिवासी भागात २०१५ पासून सुरू झालेली डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना ही त्याची उदाहरणे होत. जेवणाच्या पंगतीतच लोहाची गोळी देता येणे हा या पद्धतीचा मोठा लाभ आहे, कारण तेथे ती घेतल्याचे डोळ्यांनी दिसते.

आर्थिक किंमत

रक्तक्षयाचा भार केवळ रुग्णालयाच्या दारी दिसत नाही. इंडोनेशियातील रबर मळ्यांतील पुरुष मजुरांवर झालेल्या आणि १९७९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, रक्तक्षय असलेल्या मजुरांना साठ दिवस लोह दिल्यावर त्यांचे काम निरोगी मजुरांच्या जवळपास पोहोचल्याचे आढळले. हॉर्टन आणि रॉस यांनी २००३ मध्ये दहा विकसनशील देशांसाठी केलेल्या हिशेबात लोहाच्या कमतरतेमुळे होणारी शारीरिक आणि बौद्धिक मिळून हानी स्थूल देशांतर्गत उत्पादनाच्या सुमारे चार टक्के (मध्यगत मूल्य) निघाली. त्यातील मोठा वाटा बालकांच्या बौद्धिक विकासाच्या हानीचा होता. हिशेबातील गृहीतकांवर वाद होऊ शकतो. पण भारतीय स्त्रीचे बरेचसे श्रम, म्हणजे पाणी आणणे, सरपण गोळा करणे, स्वयंपाक आणि मुलांचे संगोपन, राष्ट्रीय उत्पन्नात मोजलेच जात नाहीत. त्यामुळे हा आकडा आपल्याकडील हानी कमीच दाखवत असण्याची शक्यता अधिक.

मोजमापाचा प्रश्न

आजवरच्या कुटुंब आरोग्य सर्वेक्षणांत बोटाच्या टोकातून घेतलेल्या थेंबभर रक्तावर हिमोग्लोबिन मोजले गेले. थेंब दाबून काढल्यास त्यात पेशीबाहेरील द्रव मिसळतो आणि मापन बदलू शकते. २०१६-१८ च्या सर्वंकष राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात शिरेतील रक्त तपासण्यात आले, तेव्हा एक ते चार वर्षांच्या बालकांमधील रक्तक्षय सुमारे ४१ टक्के आढळला. जवळपास त्याच काळातील कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात पाच वर्षांखालील बालकांसाठी तो आकडा ५८.६ टक्के होता. या मतभेदानंतर सहाव्या फेरीतून हिमोग्लोबिनची तपासणी वगळण्यात आली आणि शिरेतील रक्तावर आधारित आहार व जैवनिर्देशक सर्वेक्षणाकडे हे काम सोपविण्यात आले. नव्या पद्धतीचे आकडे जुन्या मालिकेशी थेट जोडता येणार नाहीत. त्यामुळे दरवर्षी तीन टक्केबिंदूंच्या उद्दिष्टाचे मूल्यमापन करताना कोणता आकडा कोणत्या पद्धतीने मिळाला, हे प्रथम पाहावे लागेल. उपकेंद्रात मात्र प्रश्न याहून साधा आहे. साहलीच्या नळीतील तपकिरी रंग डोळ्यांनी जुळवून हिमोग्लोबिन ठरविण्याची जुनी पद्धत मागे टाकून अंकीय यंत्र तेथे पोहोचले आहे काय, त्याच्या पट्ट्या संपल्यावर नव्या किती दिवसांनी येतात, आणि माता व बालसंरक्षण कार्डावर हिमोग्लोबिनच्या रकान्यात चारही तपासण्यांचे आकडे भरलेले असतात काय.